पान परत कोण करणार?

(गोंदियात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं आहेत.)

मागच्या बाकांपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

मी लिनक्स कर्नलवर काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या खिशातल्या ॲन्ड्रॉइड फोनच्या तळाशी तोच बसलेला असतो. लोकांना वाटतं, हा दिवसभर कोड लिहीत असेल. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस दुसऱ्यांचा कोड वाचण्यात जातो. जगात कुठेतरी कोणीतरी एक बदल करतं, त्याला पॅच म्हणतात. तो ईमेलने येतो. मी तो ओळ न् ओळ वाचतो आणि उत्तर लिहितो: हे ठीक, हे चुकलंय, हे कळलं नाही. याला रिव्ह्यू म्हणतात, आपण तपासणी म्हणू. माझ्याकडे येतात ते बहुतेक मेमरीशी संबंधित ड्रायव्हरचे पॅच.

ही तपासणी नेमकी कशी करतात, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाने त्यात लक्ष का घालावं, एवढंच आज सांगणार आहे.

आधी मेमरी. कर्नलच्या दृष्टीने मेमरी म्हणजे पानं. बहुतेक यंत्रांवर एक पान ४०९६ बाइटचं, म्हणजे ४ केबीचं. २ जीबी रॅमच्या फोनमध्ये अशी सव्वापाच लाखांच्या आसपास पानं असतात. त्यातली काही कर्नल स्वतःसाठी ठेवतो, बाकीची ॲप्सना वाटतो. आणि ड्रायव्हर मधले दलाल. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर फोटोसाठी पानं मागतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पडद्यावरच्या चित्रासाठी मागतो. काम झालं की पानं परत करायची. नियम एवढाच आहे. सगळी भानगड ‘काम झालं’ म्हणजे नेमकं कधी, यात आहे.

आता आपल्याकडची गोष्ट घ्या. ई-पीक पाहणी तुम्हाला माहीत आहे. २०२१ पासून शेतकऱ्यानं आपल्या फोनवरून स्वतःच पीक नोंदवायचं असतं. बांधीत उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा. आता फोन जुना, रॅम २ जीबी, मागे व्हॉट्सॲप उघडं. कॅमेरा उघडला की त्याला एकदम पुष्कळ पानं लागतात. सिस्टिम इकडेतिकडे बघते, कोणाला बाहेर काढता येईल? मागे गेलेलं ॲप बंद करते. फोटो काढून परत आलो, तर भरलेली माहिती गायब असू शकते. यात त्या ॲपचा दोष आहे असं मी म्हणत नाही. कमी मेमरीच्या फोनवर हे कुठल्याही ॲपचं होऊ शकतं. रोवणी आटोपल्यावर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला मात्र एवढंच दिसतं, की आपण भरलं ते गेलं.

म्हणून मेमरी संपत आलेली असताना कर्नल कसा वागतो, हा आपल्यासाठी पुस्तकी प्रश्न नाही. ३२ जीबीच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरच्या आयुष्यात मेमरी संपण्याचा क्षण क्वचित येतो. सालेकसा किंवा देवरीतल्या एखाद्या जुन्या फोनवर तो दिवसातून कितीदा येतो. त्याच्यासाठी जो अपवाद, तो आमच्यासाठी रोजचा रस्ता आहे. आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे, पुढचं सगळं याचंच स्पष्टीकरण समजा.

अशा फोनना तगवणारा एक ड्रायव्हर आहे, झेडरॅम. त्याची कल्पना सोपी आहे. जी पानं सध्या कोणी वापरत नाही ती दाबून लहान करायची आणि रॅममध्येच एका बाजूला ठेवायची. साधारण निम्म्यावर येतात असा अंदाज कर्नलच्या दस्तऐवजातच दिला आहे. नितीन गुप्ता यांनी २००८ च्या सुमारास ‘कॉम्पकॅश’ नावाने हे काम पुढे आणलं. २०१० साली कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत ते स्टेजिंगमध्ये आलं. स्टेजिंग म्हणजे कच्च्या कोडचा वऱ्हांडा, घरात अजून प्रवेश नाही. घरात यायला २०१४ उजाडलं, आवृत्ती ३.१४. चार वर्षं वऱ्हांड्यात. त्या काळात नाव बदललं, आतली साठवणूक बदलली, कित्येक पॅच आले, परत गेले, सुधारून पुन्हा आले. आज स्वस्त ॲन्ड्रॉइड फोन त्याच्या आधारावर चालतात. ती चार वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. का, ते ऐका.

राईस मिलचं गोदाम तुम्ही पाहिलंय. पोती अस्ताव्यस्त पडलीत, जागा उरली नाही. मालक म्हणतो, नीट थप्पी लावा, जागा होईल. हमाल म्हणतो, शेठ, थप्पी लावायलाच आधी थोडी जागा लागते, ती कुठंय? झेडरॅमची अडचण हुबेहूब ही. मेमरी संपत आली म्हणून त्याला काम दिलं. तो पान दाबून लहान करतो, पण लहान झालेलं ठेवायला त्यालाही जागा मागावी लागते. कोणाकडे? ज्याची मेमरी संपली आहे त्याच कर्नलकडे.

इथे मागणी कशी करायची याला फार महत्त्व आहे. कर्नलमध्ये मेमरी मागताना सोबत खुणा द्याव्या लागतात, त्यांना जीएफपी फ्लॅग म्हणतात. ‘जीएफपी कर्नल’ म्हणजे मी थांबायला तयार आहे, लागलं तर दुसऱ्यांची पानं सोडवून मला दे. ‘जीएफपी ॲटॉमिक’ म्हणजे मला थांबता येत नाही, असेल तर दे नाहीतर नाही म्हण. ‘जीएफपी नोआयओ’ म्हणजे थांबतो, पण माझ्यासाठी जागा करताना डिस्कवरची वाचालिही सुरू करू नको. झेडरॅम लिहिताना ही शेवटची खूण वापरतो. कारण त्याच्यासाठी जागा करायला कर्नलने पुन्हा पानं बाहेर लिहायला काढली, तर ती पानं फिरून झेडरॅमच्याच दारात येतील. तो स्वतःचीच वाट बघत बसेल आणि फोन गोठेल.

आता समजा कोणी पॅच पाठवला आणि त्यात ‘नोआयओ’च्या जागी साधं ‘कर्नल’ लिहिलं. एकाच शब्दाचा फरक. पाठवणाऱ्याच्या मशीनवर सगळ्या चाचण्या पास होतील, कारण तिथे मेमरी भरपूर आहे. तो प्रामाणिकपणे लिहील, ‘तपासून पाहिलं, चालतं’. फोन गोठेल तो दुसऱ्या कोणाचा तरी, सहा महिन्यांनी. कोड चालतो की नाही हे कॉम्प्युटर सांगतो. कोणत्या दिवशी चालणार नाही हे तपासणाऱ्यानं शोधायचं असतं.

आता गंमत अशी, की अपयशाचा रस्ता कर्नल स्वतःच झाकून ठेवतो. साधी ‘जीएफपी कर्नल’ मागणी जर आठ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ केबीपर्यंतची असेल, तर कर्नल सहसा ‘नाही’ म्हणतच नाही. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, शेवटी एखादी प्रोसेस मारून जागा करतो, पण देतो. ऐकायला चांगलं वाटतं. पण याचा परिणाम असा, की ड्रायव्हरमध्ये ‘मेमरी मिळाली नाही तर काय’ असा जो भाग लिहिलेला असतो, तो वर्षानुवर्षं एकदाही चालत नाही. त्यावर कोणी पाऊलच ठेवलेलं नसतं. आणि मग एखाद्या दिवशी मोठी मागणी येते किंवा ॲटॉमिक मागणी येते, उत्तर ‘नाही’ मिळतं, आणि तो रस्ता पहिल्यांदा वापरात येतो. पाऊस झाल्यावर कच्च्या पुलावरून पहिली गाडी जावी तसा.

म्हणून माझी सवय अशी आहे. पॅच आला की सरळ रस्ता मी नंतर वाचतो, अपयशाचा आधी. वाचताना चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: कोणी घेतलं आणि कोण परत करणार? एक नमुना सांगतो. ड्रायव्हर एका फंक्शनमध्ये तीन गोष्टी घेतो. आधी नोंदीपुरती थोडी जागा, मग फोटोसाठी पानं, मग त्या पानांचा पत्ता कॅमेऱ्याच्या चिपला देतो. तिसरी पायरी फसली. आता उलट्या क्रमानं मागं यायचं: पानं परत, मग नोंदीची जागा परत. पहिली परत करायचं विसरलं तर गळती. गळती म्हणजे पान कोणाच्याच कामाचं नाही आणि मोकळंही नाही, फोन बंद करेपर्यंत असंच. दोनदा परत केलं तर त्याहून वाईट, कारण तेवढ्यात ते पान दुसऱ्या कोणाला दिलेलं असू शकतं. कर्नलमध्ये यासाठी ‘गोटू’ वापरतात. कॉलेजात तुम्हाला गोटू वाईट म्हणून शिकवलं असेल, इथे तोच शिस्त लावतो. २०२३ च्या ६.५ आवृत्तीपासून आपोआप आवरतं घेणारी सोयही आली आहे. पण सोय आली की नवा प्रश्न येतो: जे आपोआप परत होणार आहे, ते कोणी हातानेही परत करत नाहीये ना?

दुसरा प्रश्न: मागताना हातात काय धरलं आहे? स्पिनलॉक नावाचं कुलूप धरलं असेल तर झोपायला परवानगी नाही, म्हणजे थांबायची तयारी दाखवणारी मागणी तिथे करायची नाही. हे पॅचच्या दहा ओळींत दिसत नाही. फंक्शन कोणी बोलावलं, त्याला कोणी बोलावलं, असं वर वर चढत जावं लागतं. दहा ओळींचा पॅच तपासायला मी हजार ओळी वाचल्याचे दिवस कितीतरी आहेत.

तिसरा प्रश्न: आकडा कुठून आला? ड्रायव्हर आपली पानं ॲपला थेट दाखवू शकतो, त्याला एममॅप म्हणतात. कुठून सुरू करून किती पानं हवीत, हे ॲप सांगतं. ॲप म्हणजे परका माणूस. त्याने सांगितलेली सुरुवात अधिक लांबी माझ्या बफरच्या आत बसते का, हे पाहायलाच हवं. आणि दोन प्रचंड आकड्यांची बेरीज उलटून लहान होत नाही ना, हेही. सातबाऱ्यावर दोन एकर असताना मोजणी तीन एकरांची करून दिली, तर तिसरा एकर शेजाऱ्याचा असतो. इथे शेजारी म्हणजे दुसऱ्या ॲपची किंवा खुद्द कर्नलची मेमरी.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड: आणखी कोणाकडे याचा पत्ता आहे? पान परत केलं, ठीक. पण ज्याला त्याचा पत्ता देऊन ठेवला होता त्याला कळवलं का?

यावर खरी घटना सांगतो. पुष्कळ फोनमध्ये आर्म कंपनीची माली नावाची ग्राफिक्स चिप असते. कंपनीचा तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलचा भाग नाही, फोनवाले तो वेगळा जोडतात. २०२२ मध्ये गिटहब सिक्युरिटी लॅबचे मान युए मो यांनी त्यात एक दोष शोधला, सीव्हीई-२०२२-३८१८१. ड्रायव्हर काही मेमरीवर ‘गरज पडली तर परत घ्या’ अशी खूण करून ठेवायचा. मेमरी कमी पडली की कर्नल ती परत घ्यायचा. पण एका विशिष्ट क्रमाने पावलं टाकली तर ड्रायव्हरच्या दुसऱ्या यादीत तिचा पत्ता तसाच उरायचा. परत दिलेल्या जागेचा पत्ता हातात, म्हणजे विकलेल्या घराची किल्ली खिशात. त्या किल्लीनं साधं ॲप पूर्ण फोनचा ताबा घेऊ शकतं, हे त्यांनी पिक्सेल ६ वर दाखवलं.

मुद्दा लक्षात आला का? दोष जागा व्हायला मेमरी कमी पडावी लागत होती. भरपूर मेमरीच्या यंत्रावर नुसतं चालवून बघितलं असतं तर तो दिसला नसता.

त्याच वर्षी गुगलच्या प्रोजेक्ट झिरो गटाने याच ड्रायव्हरमधले आणखी पाच दोष कळवले होते. आर्मने जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली. नोव्हेंबरमध्ये त्या गटाने पाहिलं, तर त्यांच्याकडच्या फोनपर्यंत ती पोचलीच नव्हती. दुरुस्ती आधी चिपवाल्याकडून फोनवाल्याकडे, मग फोनवाल्याकडून गिऱ्हाईकाकडे. आणि ज्याच्या फोनला दोन वर्षांपूर्वीच अपडेट येणं थांबलं, त्याच्याकडे ती कधीच येणार नाही. गावात फोन पाच-सहा वर्षं वापरतात, वडिलांचा मुलाकडे जातो. धानाचे पैसे खात्यात आल्याचा मेसेज त्याच फोनवर येतो, ओटीपी त्याच फोनवर येतो. मागाहून दुरुस्त करू, हे वाक्य अशा फोनसाठी निरर्थक आहे. त्याच्यासाठी जे काही व्हायचं ते कोड आत घेण्याआधीच व्हायला हवं.

आता जरा कोडच्या बाहेर येऊ, म्हणजे हा ‘कोण परत करणार’ प्रश्न नीट कळेल. आपल्या जिल्ह्यात, भंडाऱ्यात, चंद्रपूर-गडचिरोलीत मालगुजारी तलाव आहेत. नवेगावबांध सगळ्यांनी पाहिला असेल. हे तलाव मालगुजारांनी बांधले, कोहळी समाजाचं त्यातलं कसब प्रसिद्ध आहे. पाळ कोणी राखायची, गाळ कोणी काढायचा, पाणी कोणाला आधी, हे गावात ठरलेलं असे. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. जमीनदारी गेली हे योग्यच झालं. पण मालकी एका झटक्यात बदलली आणि गाळ काढायची जबाबदारी तितक्या स्पष्टपणे नव्या हातात गेली नाही. लोक म्हणाले, सरकारचा तलाव. आणि सरकारी हात प्रत्येक गावातल्या पाळीपर्यंत पोचला नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले.

कोडमध्ये मला रोज हेच दिसतं. एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे पानांची मालकी जाते, आणि परत करायची जबाबदारी कुठे गेली ते कुठेच लिहिलेलं नसतं. दोघंही चांगले असतात. पहिला म्हणतो, मी तर देऊन टाकलं. दुसरा म्हणतो, मी तर नुसतं वापरत होतो. म्हणून अशा ठिकाणी मी पॅचमध्ये एक ओळ मागतो: यापुढे हे पान कोणाचं, ते लिही. कित्येकदा ती ओळ लिहायला बसल्यावर लिहिणाऱ्यालाच कळतं, की याचं उत्तर आपल्याकडे नाही.

का लिहायचं, याचा अजून एक दाखला. २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष सापडला, सीव्हीई-२०१६-५१९५. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलवर साधा वापरकर्ता लिहू शकत होता. एका बाजूनं लिहायची तयारी चालू असताना दुसऱ्या बाजूनं ‘हे पान नको’ असं सांगायचं. त्या मधल्या फटीत कर्नल चुकत होता. २००७ पासूनच्या कर्नलमध्ये हा दोष होता. म्हणजे नऊ वर्षं जगातल्या हुशार लोकांच्या डोळ्यांसमोर. आणि लिनस टॉरवल्ड्स यांनी दुरुस्तीच्या टिपणात स्वतःच लिहिलं, की अकरा वर्षांपूर्वी आपणच ही दुरुस्ती करून पाहिली होती, नीट जमली नव्हती, आणि आयबीएमच्या एस-३९० यंत्रांवर अडचण आली म्हणून ती मागे घेतली गेली. मागे घेणाऱ्याचं कारण खरं होतं. पण मागे घेतल्यावर मूळ फट उघडी राहिली, आणि ती पाहणारं कोणी उरलं नाही. तेव्हापासून ‘पूर्वीचा बदल रद्द’ असा पॅच आला की मी आधी हे शोधतो, की मूळ बदल कशासाठी केला होता. रद्द केल्यावर ते दुखणं परत येणार असेल, तर त्याचं औषध याच पॅचमध्ये हवं.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो, नावं न घेता. एका मोठ्या कंपनीकडून बफर वाटणाऱ्या ड्रायव्हरचा पॅच आला. खाली लिहिलं होतं: चाचणी केली, वेग वाढला. मी विचारलं, चाचणीच्या बोर्डावर रॅम किती होती? उत्तर आलं, १६ जीबी. मी म्हटलं, हा ड्रायव्हर ज्या फोनमध्ये जाणार त्यात २ जीबी आहे, तेवढ्यात चालवून पाहता का? दोन आठवडे काही उत्तर नाही. मग त्यांच्या एका वरिष्ठांचा मेल, की प्रॉडक्टची तारीख जवळ आली आहे, किरकोळ शंकांवर अडवू नका. मी पुन्हा तेवढंच विचारलं. महिन्याभराने सुधारित पॅच आला. त्यात वेग थोडा कमी होता आणि अपयशाच्या रस्त्यावरच्या दोन गळत्या बुजवलेल्या होत्या. त्या टीममधल्या ज्या मुलीनं खरं काम केलं होतं, तिनं लिहिलं होतं की २ जीबीवर दहा मिनिटांत गळती दिसली. तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतंच, तिला तो बोर्ड कोणी दिलाच नव्हता.

आता, हे घरी कसं करायचं? पैसे लागत नाहीत. क्युएमू नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि आभासी यंत्राला फक्त २५६ एमबी रॅम द्या. कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शनची सोय आहे, फेलस्लॅब आणि फेल-पेज-ॲलॉक. ती चालू केली की कर्नल तुम्ही सांगाल त्या प्रमाणात मुद्दाम ‘मेमरी नाही’ म्हणतो. म्हणजे जो रस्ता वर्षानुवर्षं बंद होता त्यावर तुम्ही दिवसातून हजारदा चालता. सोबत केसॅन चालू करा, ते २०१५ पासून कर्नलमध्ये आहे. परत केलेल्या पानाला कोणी हात लावला की ओरडतं. केमेमलीक गळती दाखवतं. या चार गोष्टी एकत्र चालवून, काय दिसलं ते नीट लिहून पाठवलं, तर जगातला कुठलाही मेंटेनर तुमचा मेल वाचेल. तुमचं कॉलेज कुठलं, हे तो विचारणार नाही.

आणि सही. तपासणी संपली की आपण एक ओळ लिहितो, ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि आपलं नाव. कर्नलच्या नियमांत तिचा अर्थ लिहिलेला आहे: मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला आहे, माझ्या शंका लिहिणाऱ्याला कळवल्या आहेत, आणि त्यांच्या उत्तरांनी माझं समाधान झालं आहे. हमी नाही, पण साक्ष आहे. न वाचता ती देऊ नका. मित्राचा पॅच आहे म्हणून देऊ नका. जेवढा भाग कळला तेवढाच तपासला असेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही.

शंका लिहायची रीतही सांगतो. ‘हे चूक आहे’ असं लिहिलं की समोरचा बचाव करत बसतो. ‘तिसरी पायरी फसली तर दुसऱ्या पायरीतली पानं कुठे परत होतात? मला सापडलं नाही’ असं लिहिलं की तो कोड उघडून बघतो. तुमचं चुकलं असेल तर तो दाखवून देईल, तुम्ही शिकाल. बरोबर असेल तर कोड सुधारेल.

हे काम आपल्या लोकांना नवीन नाही. कर्नलमधले दोष शोधायचं केजीडीबी नावाचं साधन पुण्याच्या अमित काळे यांनी मुख्य कर्नलच्या बाहेर कित्येक वर्षं सांभाळलं. २००८ मध्ये, २.६.२६ आवृत्तीत ते मुख्य कर्नलमध्ये आलं. पुण्याहून होतं ते गोंदियाहून का होऊ नये? उलट कमी मेमरीचा फोन त्यांना शोधत जावा लागेल. तुमच्या घरात तो चार्जिंगला लावलेला आहे.

एवढंच. आता प्रश्न विचारा.

प्रश्न: सर, इथे लाइट जाते, नेट जातं. अशा ठिकाणून हे काम खरंच होतं का?

होतं. या कामाची घडणच तशी आहे. कर्नलचा सगळा कोड एकदा उतरवून घेतला की गिट नेटशिवाय चालतं. पॅच ईमेलमध्ये साधा मजकूर म्हणून येतो, काही केबींचा. मी संध्याकाळी मेल उतरवून घेतो, रात्री वाचतो, उत्तरं लिहून ठेवतो आणि नेट आलं की पाठवतो. समोरचा जर्मनीत किंवा कोरियात असतो, तो तसाही झोपलेला असतो. इथे घाईने उत्तर देणाऱ्यापेक्षा नीट वाचून दोन दिवसांनी देणाऱ्याला जास्त मान आहे.

प्रश्न: माझं इंग्रजी कच्चं आहे. मेल लिहायची भीती वाटते.

छोटी वाक्यं लिहा. फंक्शनचं नाव, ओळीचा क्रमांक, काय केलं, काय दिसलं. या यादीतल्या निम्म्या लोकांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांचीही वाक्यं वाकडीतिकडी असतात. विचार मात्र मराठीत करा, कागदावर मराठीत मांडा. ‘हे पान कोणाचं, कोण परत करणार’ हा प्रश्न मी आजही मनात मराठीतच विचारतो. उत्तर सापडल्यावर इंग्रजीत चार ओळी लिहिणं हा फार लहान भाग आहे.

पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन या. क्युएमू बसवू, २५६ एमबीवर कर्नल चालवू आणि एक जुना पॅच सगळे मिळून वाचू. घरी कमी रॅमचा जुना फोन पडला असेल तर तोही घेऊन या.